शोषखड्डा सारखा भरतो? आधी तो कोणत्या दिवशी भरतो ते लिहून ठेवा

मी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. गाव धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात, अडीचशे उंबऱ्यांचं. नळाला पाणी चौथ्या दिवशी, तेही गल्लीवार. वॉल फिरवायचा, मोटर बघायची आणि 'आमच्या नळाला करंगळीएवढीच धार' हे ऐकून घ्यायचं, एवढंच काम पूर्वी होतं. घरोघरी मोरीचं पाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डे झाले तेव्हापासून सांडपाण्याच्या तक्रारीही माझ्याकडेच येतात. पाणी तू सोडतो ना, मग ते जिरत का नाही तेही तूच सांग, असा हिशेब.

खड्डे झाले त्या वर्षी गल्ल्या खरोखर कोरड्या पडल्या होत्या. डुकरं दिसेनाशी झाली, संध्याकाळी ओट्यावर बसता येऊ लागलं. दुसऱ्या वर्षापासून मात्र सुरू झालं: "भो, खड्डा परत भराई गया!" मग मजूर लावायचा, गोटे काढायचे, धुवायचे, परत भरायचे. महिनाभर बरं, की पुन्हा तेच. एका घरचे गोटे तर दीड वर्षात तीनदा धुतले. तिसऱ्या खेपेला त्या घरच्या नानांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आता गोटे झिजतील, पण पाणी काही जिरणार नाही."

त्या रात्री माझी वही काढली. वहीत पुढून वॉलच्या तारखा आणि मागून तक्रारी, अशी माझी सवय. दोन्ही पानं शेजारी धरली तेव्हा दिसलं की नानांची प्रत्येक तक्रार त्यांच्या गल्लीला पाणी सुटलं त्या दिवसाची, नाहीतर दुसऱ्या सकाळची होती. समोरच्या घराच्या तक्रारींना दिवस-वार काही नव्हतं, बारा महिने चालू. नदीकडच्या गल्लीच्या तक्रारी सगळ्या जुलै ते ऑक्टोबर. वाक्य एकच, 'खड्डा भरला', पण दुखणी तीन. आणि आम्ही तिन्हींवर एकच औषध करत होतो.

म्हणून कुदळ हातात घेण्याआधी आठ-दहा दिवस फक्त लिहा. पाणी कोणत्या दिवशी आलं, खड्डा कधी वर आला, किती दिवसांनी खाली गेला. पाऊस, लग्न, पाहुणे, तळण, सगळं लिहा.

काडीचं माप

मोजायचं कुठे, यात पहिली चूक होते. आपल्याकडचे बरेच खड्डे नांदेडकडून पसरलेल्या मॅजिक पिटच्या पद्धतीचे आहेत: चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल, मधे सिमेंटची लहान टाकी आणि भोवती गोटे. टाकीला भोकं वरच्या अंगाला असतात. पाणी आधी टाकीत थांबावं, गाळ तळाला बसावा आणि वरचं निवळ पाणी गोट्यांत जावं म्हणून. म्हणजे टाकी भोकांपर्यंत भरलेली दिसणारच. झाकण उचलून 'भरलाय' म्हणणारे निम्मे लोक ही टाकीच बघत असतात. माझ्या वहीतल्या चार तक्रारी निव्वळ यातल्या निघाल्या, खड्डे ठणठणीत होते.

खरं माप गोट्यांतलं. चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या, त्याला खालच्या बाजूने भोकं पाडा आणि खड्ड्याच्या कोपऱ्यात गोटे बाजूला सारून तळापर्यंत उभा करा. वर झाकण घाला, नाहीतर डासांना आयतं घर मिळेल. रात्री दहाला, घरातलं पाणी वापरणं थांबलं की, आत काडी सोडून ओली खूण बघायची. पहाटे पाचला परत बघायची. रात्रभर आत काही येत नाही, म्हणजे जेवढं उतरलं तेवढं जिरलं.

चार बाय चारच्या खड्ड्यात गोटे भरल्यावर साधारण ४० टक्के पोकळी उरते. त्या हिशेबाने एक इंच म्हणजे १५ लिटर. नानांच्या खड्ड्यात रात्री पाणी काठापासून ९ इंचावर होतं, पहाटे १४ इंचावर. सात तासांत ५ इंच, म्हणजे ७५ लिटर. दिवसाला अडीचशे लिटर जिरवणारा खड्डा. पाच माणसांच्या घरात माणशी ५५ लिटर पाणी धरलं, जल जीवन मिशनमध्ये तेवढंच धरलं आहे, तर २७५ लिटर होतं. त्यातलं साधारण दोन तृतीयांश मोरीतून बाहेर येतं, म्हणजे १८०-१९०. नानांचा खड्डा आजारी नव्हताच. त्याचे गोटे आम्ही उगाच तीनदा धुतले होते.

रात्रीत २ इंचही उतरत नसेल तर मात्र खड्डा खरोखर अडला आहे.

पाण्याच्या दिवशीच भरतो

नानांकडे मी पाणी सुटण्याच्या दिवशी सकाळी जाऊन ओट्यावर बसलो. नळाला धार लागल्याबरोबर काकूंनी दोन्ही ड्रम आडवे केले. दोन्ही निम्मे-निम्मे भरलेले. ते दोनशे लिटर पाणी सरळ मोरीत. मी म्हणालो, काकू, हे चांगलं पाणी होतं. त्या म्हणाल्या, "पानी उनं का शियं पानी फेकनंच पडस ना." (पाणी आलं की शिळं पाणी फेकावंच लागतं ना.) मग ड्रम घासले, हंडे घासले, चार दिवसांचं धुणं काढलं, घर पुसलं. दुपारपर्यंत पाचसहाशे लिटर खड्ड्यात गेलं. अख्खा खड्डा कोरडा असला तरी त्यात सातशे लिटर मावतं. आदल्या दिवसाचं थोडं असलं की संपलं, उलटणारच.

आता काकूंना ड्रम रिकामा करू नका असं सांगायचं नाही. आशाताई दर आठवड्याला घरोघर फिरून ड्रम कोरडे करायला सांगतात ते डेंग्यूसाठी. तो डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो. ड्रम रिकामा करायचाच, फक्त मोरीत नाही. नानांकडे आम्ही एवढंच केलं: पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळी जाड कपडे शिळ्या पाण्यात धुवून घ्यायचे, उरलेलं गुरांच्या हौदात आणि लिंबाच्या झाडाला. नळाच्या दिवशी फक्त घासणं आणि भरणं. तेव्हापासून त्या घरची तक्रार माझ्या वहीत नाही. खर्च शून्य रुपये.

घरात दहा-बारा माणसं असतील तर हे पुरत नाही, दुसरा खड्डा लागतो. दोन असतील तर दोन्हीत एकदम पाणी सोडू नका. एक चालवा, एक वाळू द्या, आणि काही महिन्यांनी बदला. विश्रांती मिळालेला खड्डा आपोआप बराचसा मोकळा होतो.

बारा महिने भरलेला असतो

हे खरं दुखणं, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा खड्ड्यात नसून मोरीच्या तोंडाशी असतं.

नानांच्या समोरच्या घरची नहाणी ट्रॅपची कुंडी, म्हणजे खड्ड्याच्या आधी गाळ अडवणारी, मी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठ दिवसांनी उघडली. फावडं मारलं तर टण्ण वाजलं. आत करड्या रंगाची वडी, साबणाच्या लादीसारखी, कुंडीच्या आकाराची. पहारीने फोडली तेव्हा आतून तुपाचा खवट वास आला. ती होती राख आणि तेल. आपल्याकडे अजून अर्ध्या घरांत पऱ्हाट्यांची चूल आहे आणि भांडी राखेने निघतात तशी कोणत्याच साबणाच्या बारने निघत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण शेवभाजीची तर्री, भरताचं तेल, आखाजीचं तळण, खापरावरच्या पुरणपोळ्यांचं तूप, हे सगळं त्या राखेत मिसळून कुंडीत बसतं आणि घट्ट होतं. कुंडी भरली की पुढचं सगळं न थांबता खड्ड्यात. तिथे गोट्यांवर आणि मातीच्या भिंतीवर काळा बुळबुळीत थर चढतो. पाणी अडतं ते त्या थरापाशी, गोटे बिचारे मोकळेच असतात. म्हणून नुसते गोटे धुवून महिनाभरच बरं वाटतं.

उपाय कुंडीपासून सुरू करा. राखेने घासलेली भांडी पहिल्यांदा टबात विसळा आणि ते पाणी उकिरड्यावर किंवा झाडाच्या आळ्यात टाका. तेलकट कढई आधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसा, तो तुकडा कुत्र्याला. कुंडीच्या तोंडाला बारीक जाळी. कुंडी दर आठ दिवसांनी उपसायची, लग्नसराईत चार दिवसांनी. लग्नाच्या मांडवातलं भांड्यांचं पाणी तर शोषखड्ड्यात जाऊच देऊ नका. एका पंगतीचं तेल वर्षभराचं काम करून जातं.

गरम पाणी ओतून तेल वितळतं, हे खरं आहे. वितळून ते पुढे खड्ड्यात जातं आणि तिथे गोठतं, म्हणून ते करू नका. ॲसिड तर अजिबात नाही. टाकीचं सिमेंट खातं आणि घाण पचवणारे जिवाणूही मारतं. गल्लीत मोटारसायकलवरून पावडर विकायला येतात, 'टाका आणि विसरा'. जिवाणूंची पावडर तेल थोडंफार पचवेल, पण राख आणि वाळू कोणता जिवाणू पचवणार? मी तरी त्यावर पैसे घालत नाही.

धुण्याच्या पावडरचाही हात आहे. स्वस्त पावडरीत आणि धुण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं. काळ्या मातीला सोडियम लागलं की तिचे कण सुटे होतात आणि बारीक छिद्रं बुजतात. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, चोपण झालेली जमीन त्याने पाहिलेली असते. खड्ड्याच्या भिंतीचं तेच होतं. सोडा टाळा, पावडर मोजून घाला.

हे सगळं केल्यावरच खड्डा उघडायचा, उलट्या क्रमाने नाही. आधी एक खात्री: संडासाची किंवा सेप्टिक टँकची नळी कोणी गुपचूप या खड्ड्याला जोडलेली नाही ना. वासावरून कळतं. जोडलेली असेल तर कोणालाही आत उतरवू नका. जिवाचं काम आहे, आणि २०१३ च्या कायद्याने मैल्याच्या टाकीत माणूस असुरक्षितपणे उतरवणं गुन्हा आहे. नुसतं मोरीचं पाणी असेल तर आठ दिवस पाणी बंद ठेवा, गोटे काढा, टाकीच्या तळाचा गाळ घमेल्याने उपसा. मग भिंतीचा काळा थर इंच-दोन इंच खरवडून काढा. इथे गवंडी हमखास चुकतो. तो फावड्याच्या पात्याने ओली भिंत अशी गुळगुळीत करतो, जणू गिलावा. काळी माती घासली की लिंपल्यासारखी बंद होते. जेसीबीच्या बकेटनेही हेच होतं, म्हणून नवे खड्डेसुद्धा पहिल्या दिवसापासून अडलेले सापडतात. भिंत खुरप्याच्या टोकाने उभी-आडवी ओरबाडा, खरखरीत ठेवा. आठ-दहा दिवस ऊन खाऊ द्या आणि मगच गोटे भरा. भरताना विटांचे तुकडे नकोत, ते भिजून चिखल होतात. काळा दगड घ्या. वर प्लास्टिकचा जाड कागद, मग माती. आमच्याकडे काही ठिकाणी गोणपाट घातलं होतं. ते वर्षात कुजलं आणि वरची माती सगळी गोट्यांत उतरली.

पावसाळ्यातच उलटतो

नदीकडची गल्ली. एका सरीत खड्डे वर. आधी छताचं पाणी कुठे जातं ते बघा. ६०० चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला तर चौदाशे लिटर पाणी होतं. पन्हाळीचा पाइप खड्ड्यात सोडलेला असेल तर बाकी काही तपासायची गरज नाही. आमच्या सात घरांत तसा होता, 'पाणी जमिनीत जिरवायचं ना, मग' म्हणून. हेतू चांगला, पण त्या पाण्यासाठी वेगळा खड्डा करा. त्यानंतर बघा, गल्लीचं पाणी वरून आत वळत तर नाही. खड्ड्याचा माथा वीतभर उंच हवा.

तरीही भरत असेल तर जवळच्या विहिरीत डोकवा. पावसाळ्यात पाणी जमिनीजवळ येत असेल तर खड्ड्यात शिरणारं पाणी बाहेरचंच आहे, ते कुठे जिरणार? खड्ड्याचा तळ आणि भूजल यांत निदान दीड-दोन मीटर अंतर हवं. तेवढं नसेल तिथे शोषखड्डा ठेवूच नये, कारण मग मोरीचं पाणी सरळ विहिरीत मिसळतं. पिण्याच्या विहिरीपासून किंवा हापशापासून मी १८ मीटरच्या आत खड्डा होऊ देत नाही, कितीही भांडण झालं तरी.

पहिल्या आठवड्यापासून जिरतच नाही

मग जागा चुकली. आमच्या जुन्या गावठाणात असे अकरा खड्डे आहेत. गाव पांढरीवर बसलेलं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर आमच्या आजोबांनी हीच पांढरी माती घातली, ती का? तर खाली पाणी गळू देत नाही म्हणून. आणि आपण त्याच मातीत पाणी जिरवायला खड्डा खणला! माझ्याही डोक्यात हे आधी आलं नाही, धाब्याखाली जन्म गेला तरी.

काळ्या मातीत दुसरी फसगत. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणले जातात. तेव्हा जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. बादलीभर पाणी ओतलं की गडप. सगळे खूश. पावसात तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्ड्याची टाकी होते. म्हणून जिरण्याची चाचणी दिवाळीनंतर घ्या, आणि मेमध्येच घ्यायची वेळ आली तर जागा रात्रभर पाण्याने भरून ठेवा. पद्धत सोपी आहे. खड्ड्याच्या तळाला वीतभर रुंद भोक करा, रात्रभर भिजवा. सकाळी त्यात ६ इंच पाणी ठेवा आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर खड्डा करा. ३० ते ६० लागली तर खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर. साठच्या वर गेलं तर तिथे कुदळ मारू नका.

आकडा हवा असेल तर तोही देतो. ३० मिनिटांच्या जमिनीत भिंतीचा एक चौरस मीटर दिवसाला ३७ लिटर जिरवतो असं धरतात. चार फुटी खड्ड्याच्या भिंती, पाणी आत पडतं त्या नळीच्या खालच्या, साधारण ५ चौरस मीटर. म्हणजे १८५ लिटर. पाच माणसांचं घर काठावर पास. ६० मिनिटांच्या जमिनीत तो ३७ चा आकडा २६ होतो आणि घर नापास. आणि आमच्याकडे सगळ्या घरांना एकच नकाशा होता. त्याचं कारणही दिसतं: स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते, ७० टक्के मिशनचे आणि ३० टक्के पंधराव्या वित्त आयोगाचे. पाच माणसांच्या घरामागे १,४०० रुपये. त्यात कोण भोक खणून रात्रभर भिजवत बसणार? पण त्या चाचणीला एक बादली आणि एक सकाळ लागते, पैसे नाही.

पांढरीच्या खाली मुरूम लागत असेल तर खड्डा तिथपर्यंत उतरवता येतो, अर्थात वर सांगितलेलं भूजलाचं अंतर राखून. आमच्या अकरापैकी सहा घरांत सहा-सात फुटांवर मुरूम लागला. तिथे वरचे तीन फूट बांधून घेतले आणि पाणी थेट मुरमात सोडलं. ते आजपर्यंत चालू आहेत. घराच्या भिंतीजवळ मात्र हा प्रयोग करू नका. काळ्या मातीत पाया भिजला की माती फुगते आणि पहिला तडा चौकटीच्या कोपऱ्यात येतो.

उरलेल्या पाच घरांचं पाणी आम्ही केळीला दिलं. शोध काही नवा नाही, मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू लावणं जुनंच आहे, मधे खड्ड्यांच्या नादात मोडून टाकलं होतं. कुंडीतून निवळलेलं पाणी एका उथळ चरात, चरात वाळू-खडी आणि काठाने पाच-सहा केळी, मधे कर्दळ. ड्रिपवाले उन्हाळ्यात वाढलेल्या झाडाला दिवसाला १५-२० लिटर देतात, त्या हिशेबाने सहा झाडं शंभर लिटर सहज पितात, बाकीचं चरात उडतं-मुरतं. कच्ची खाल्ली जाणारी पालेभाजी मात्र या पाण्यावर घेऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये केळीला पाणी नको असतं आणि चर आधीच भिजलेला असतो. तेव्हा ही पाच घरं अजूनही गटारीतच पाणी सोडतात. त्या गटारीच्या शेवटी, नदीच्या अलीकडे, गाळ बसायला एक कुंड आणि पुढे कर्दळीचा वाफा असा प्रस्ताव ग्रामसभेत दोनदा वाचून झाला आहे. जागा गायरानात आहे, मोजणी बाकी आहे. तोवर पावसाळ्यात त्या गल्लीच्या तक्रारी मी वहीत लाल शाईने लिहितो.